ट्राम, चुंबकसूची आणि आमची गाणी



वसंत व्याख्यानमालेत बोलावयास येणारा माणूस सहसा विद्वान असतो. आम्ही तसे नाही. आम्हांला नव्या यंत्रांचा नाद आहे, आणि नाद म्हणजे विद्या नव्हे हे आमच्या घरची माणसे आम्हांला महिन्यातून एकदा तरी ऐकवतात. बाजारात नवा फोन आला, कानात घालावयाचे नवे बोंडूक आले, गाणी ऐकावयाची नवी सोय निघाली, की ती आमच्याकडे चार दिवसांत पोहोचलीच म्हणून समजा. आमच्या कपाटाचा एक खण नुसत्या वायरींनी भरलेला आहे. कोणती वायर कोणत्या यंत्राची हे आता आम्हांलाही सांगता येत नाही. पण टाकवतही नाही. चालकांनी हे सारे जाणूनच आम्हांला बोलावले असावे. 'नवी यंत्रे आणि आपण' असा विषय त्यांनी दिला. तो फार मोठा आहे. म्हणून आम्ही तो आवरता घेऊन गाणे ऐकण्याच्या यंत्रांपुरताच बोलणार आहो. गाणे प्रत्येक घरात आहे, हे एक कारण. दुसरे कारण असे, की ह्याच बाबतीत आमच्या हातून एक मोठी चूक झाली आहे. ती पुढे सांगू.

आरंभी चालकांनी विनंती केली, की शासन ज्याला भ्रमणध्वनी म्हणते आणि आपण सारे मोबाईल म्हणतो तो बंद ठेवावा. आम्हीही आमचा बंद केला आहे. तेव्हा आता मोकळ्या मनाने सुरुवात करू.

सुरुवात दूर कोठे अमेरिकेत किंवा जपानात करावी असे आपणांस वाटेल. पण नव्या यंत्राशी कसे वागावे ह्याचा उत्तम धडा आपल्या अलिबागेतच घडलेला आहे. समुद्रावर फिरावयास जाणाऱ्या मंडळींना इथली चुंबकीय वेधशाळा ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणजे तिचे फाटक ठाऊक आहे. ती इथे का आली, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

कंपनी सरकारने १८२६ साली मुंबईस कुलाब्याला वेधशाळा स्थापन केली. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध नियमाने घेतले जाऊ लागले. एक चुंबकसूची टांगलेली, ती किती हलते हे पाहावयाचे आणि वहीत लिहावयाचे. काम इतके साधे, पण ते वर्षानुवर्षे न चुकता करावयाचे! एकोणिसावे शतक सरता सरता मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे घाटू लागले. शहराच्या दृष्टीने ही आनंदाची वार्ता होती. परंतु विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांवाटे परतताना त्याचा काही भाग जमिनीत झिरपतो, आणि जिथे वीज वाहते तिथे तिचे चुंबकत्वही येते. म्हणजे कुलाब्याची सूची ह्यापुढे पृथ्वीचे चुंबकत्व सांगणार, की दादरला निघालेल्या ट्रामचे, हे कळेनासे होणार!

त्या वेळी वेधशाळेचे संचालक होते डॉक्टर नानाभाई मूस. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. अशा प्रसंगी दोन उत्तरे सहज सुचतात. एक उत्तर म्हणजे ट्राम नको. दुसरे म्हणजे काळ बदलला, आता ही सूची कशाला! ह्या दोन्हींपैकी एकही पत्करले गेले नाही. वेधशाळा मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटरांवर, खाडी ओलांडून, अलिबागेस आली. आपला जिल्हा त्या वेळी कुलाबा जिल्हाच होता, त्याचे रायगड हे नाव १९८१ साली झाले. तेव्हा कुलाब्याची वेधशाळा कुलाब्यातच राहिली, असे गमतीने म्हणावयास हरकत नाही. इमारत बांधताना लोखंडाचा कण चालणार नव्हता. चुंबकाचा गुण नसलेला दगड पारखून घेतला, आणि बिजागऱ्या-कड्यांना तांबे-पितळ वापरले. १९०४ साली येथे काम सुरू झाले.

आता खरी मौज पुढे आहे. अलिबागेची वेधशाळा सुरू झाली म्हणून कुलाब्याची लगेच बंद केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणचे वेध बरोबरच घेतले गेले. जुने काय सांगते, नवे काय सांगते, दोहोंत फरक किती, तो नेहमी सारखाच राहतो की बदलतो, हे ताडून पाहिले. खात्री पटल्यावर मगच जुन्याला निरोप दिला. मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली ती १९०७ च्या मे महिन्यात. ती ट्राम १९६४ साली बंद झाली. तिच्यासाठी जागा सोडून आलेली सूची मात्र अजून अलिबागेत डोलते आहे.

कुणी म्हणेल, चुंबकसूची आणि गाणे ह्यांचा संबंध काय? तो सांगण्यापूर्वी त्याच वेधशाळेची आणखी एक हकीकत सांगू द्या. १८५९ च्या सप्टेंबरच्या पहिल्या आणि दुसऱ्या तारखेस सूर्यावरून उठलेले एक चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले. युरोप-अमेरिकेतील तारखात्याची यंत्रे त्याने बिघडविली. त्या दिवशी कुलाब्यास कोणी एक वेध घेणारा गृहस्थ नेहमीप्रमाणे सूची पाहत होता आणि आकडे लिहीत होता. सूचीने कधी नाही अशी उडी घेतली. त्याने तीही लिहून ठेवली. पुढे १४४ वर्षांनी, म्हणजे २००३ साली, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील आणि परदेशांतील शास्त्रज्ञांनी मिळून ते आकडे बाहेर काढले आणि ते वादळ केवढे होते ह्याचा हिशेब मांडला. सुमारे १६०० नॅनोटेस्लांची ती घसरण होती. आजच्या उपग्रहांना आणि विजेच्या जाळ्यांना असे वादळ काय करील, ह्याचा विचार जगभर ज्या नोंदींवरून होतो, त्यांत कुलाब्याची ती नोंद मोलाची आहे.

आम्ही हे वाचले तेव्हा पहिल्याने अभिमान वाटला, आणि मागोमाग शरम वाटली. एकशेचव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा आकडा वाचता आला, कारण तो कागदावर शाईने लिहिलेला होता, त्यावर दिवस आणि वेळ होती, आणि ती वही कोणी रद्दीत घातली नव्हती. आणि आमच्या स्वतःच्या संगणकावर वीस वर्षांपूर्वी मराठीत टंकलेली पत्रे आज उघडली, तर तेथे इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो! कारण असे, की त्या काळी मराठी अक्षरांना सर्वांनी मानलेले क्रमांक रूढ झालेले नव्हते. प्रत्येक फाँटवाला इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या मर्जीने मराठी अक्षरे बसवी. तो फाँट असेल तोवर मराठी; फाँट गेला की मराठीही गेली. १९९१ साली निघालेल्या युनिकोडने देवनागरीला स्वतःचे कायमचे क्रमांक दिले, आणि ते घरोघरच्या संगणकांत पोहोचल्यावर हा गोंधळ मिटला. आज आपली नातवंडे फोनवर बिनदिक्कत मराठी लिहितात, नुसते बोलून टंकतात, ती त्याची फळे होत. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही सर्वांत मोठा उपकार कोणता मानतो असे विचाराल, तर कोणत्याही झगमगीत खेळाचे नाव न घेता आम्ही युनिकोडचे घेऊ. जे सर्वांनी मान्य केलेले आणि कोणा एकाच्या दुकानावर न अवलंबलेले असते, तेच टिकते.

आता गाण्याकडे येऊ. १९०२ साली फ्रेड गायस्बर्ग नावाचा गृहस्थ ध्वनिमुद्रणाचे सामान घेऊन कलकत्त्यास उतरला आणि त्याने गौहरजान ह्यांचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच बाई आपले नाव इंग्रजीत सांगतात, ते आजही ऐकू येते. ह्याचे कारण असे सांगतात, की तबकड्या छापावयास जर्मनीला जात, आणि तेथील कारागिरांना हे गाणे कोणाचे ते कळावे. आम्हांला ही गोष्ट फार आवडते. गाण्याबरोबर गाणाऱ्याचे नाव जावयास हवे, हे त्या पहिल्या दिवसांतही ओळखले गेले होते.

त्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे मावत. आमच्या गवयांना रात्र पुरत नसे; त्यांना यंत्राने तीन मिनिटांच्या डबीत बसविले. नाराज व्हावयासारखीच गोष्ट होती. पण खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ह्यांच्या तबकड्या ऐका. त्या तीन मिनिटांत त्यांनी काय नाही दिले! बालगंधर्वांची पदे नाटकगृहाबाहेर गेली, गावोगाव पोहोचली, ती ह्याच काळ्या तबकड्यांतून. यंत्राने गाणे आखूड केले आणि दूरवर नेले. ह्यापुढे जे जे यंत्र आले, त्याने असेच एक काढून घेतले आणि एक दिले.

रेडिओ आला. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. गदिमांची छप्पन्न गीते, सुधीर फडक्यांचे संगीत, आणि आठवड्यामागून आठवडे ती वाट पाहणे. रेडिओने निवड आपल्या हातून काढून घेतली आणि सगळ्या गावाला एकाच वेळी एकच गाणे दिले. मग फिलिप्स कंपनीने १९६३ साली काढलेली कॅसेट आपल्याकडे विशेषतः १९८० नंतर घरोघर झाली. ती स्वस्त होती, आणि तीवर भरणेही सोपे होते. मोठ्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे ढुंकून पाहिले नसते, अशी कोळीगीते, भजनी मंडळे, गावदेवीच्या जत्रेतली गाणी प्रथमच बाजारात आली. आवाजात खरखर होती. पण ती खरखर आमच्या गावची होती.

१९८२ साली सीडी आली आणि खरखर गेली. सीडी आवाजाचे एका सेकंदात ४४,१०० वेळा माप घेते. मग ते ओझे हलके करावयाची युक्ती निघाली, तिचे नाव एमपीथ्री. ढोल वाजत असताना शेजारची बारीक कुजबुज आपल्याला ऐकू येत नाही. मग ती कुजबुज साठवावयाची कशाला? अशी न ऐकू येणारी कुजबुज वगळीत गेले की गाण्याचे ओझे अकरावा हिस्सा होऊ शकते. युक्ती बुद्धिमान आहे, आणि बहुधा फरक कळतही नाही. पण फार दाबले की झांज आणि टाळ पाण्यात भिजल्यासारखे वाजतात. भजन ऐकणाऱ्या रायगडकराला हे लगेच कळावे. म्हणून आमचा साधा सल्ला असा, की नवे कोणतेही श्रवणयंत्र घेताना दुकानदार लावील ते धडधडणारे गाणे ऐकू नका. टाळांचे भजन लावावयास सांगा, आणि एकट्या तंबोऱ्यावरचे गाणे लावावयास सांगा. यंत्राचा बरेवाईटपणा तेथे पाच मिनिटांत समजतो, आणि किमतीचा आकडा त्याच्याशी दर वेळी जुळतोच असे नाही.

आणि आता गाणे हाती घ्यावयाची वस्तूच राहिली नाही. ते कोठे तरी दूर साठविलेले असते, आणि आपण मागितले की नळाच्या पाण्यासारखे येते. ह्या ऑनलाइन संगीताची आम्ही निंदा करणार नाही. ज्या तबकड्यांसाठी रसिकांनी चोरबाजार धुंडाळला, त्या संग्राहकांच्या उदारपणाने आज फोनवर ऐकू येतात. रेवदंड्याच्या विद्यार्थ्याला हिराबाई बडोदेकर ऐकावयास मुंबई गाठावी लागत नाही. हे सुख आमच्या वडिलांच्या वाट्याला आले नाही.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पहिली गोष्ट अशी, की स्पॉटिफायसारख्या सेवेत गाणे तीस सेकंद ऐकले गेले की त्याची मोजणी होते. साहजिकच गाणे करणाऱ्याचे लक्ष पहिल्या तीस सेकंदांवर जाते. गवयाला तीन मिनिटे पुरत नव्हती, आता अर्ध्या मिनिटात मन जिंकावयाचे आहे! दुसरी गोष्ट अशी, की जुन्या तबकडीवर कवीचे नाव असे, संगीतकाराचे असे. आता पुष्कळदा नुसते चित्र आणि गाणाऱ्याचे नाव येते. शब्द कोणाचे, हे विचारले तर यंत्र गप्प. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ही गाणी आपल्या मालकीची नाहीत. आपण भाडेकरू आहो, आणि भाडेकरूला जागा सोडावी लागते. मायस्पेस नावाचे एक मोठे संकेतस्थळ होते. जगभरच्या हौशी गाणाऱ्यांनी तेथे आपली गाणी ठेवली होती. २०१९ साली उघड झाले, की सामान एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर हलविताना २०१५ पूर्वीचे सारे नाहीसे झाले. गाणी पाच कोटींहून अधिक! आपल्याकडेही विंक ही गाण्यांची सेवा २०२४ साली गुंडाळली गेली. हजारो गाणी निवडून केलेल्या कोणाकोणाच्या याद्या असतील, त्या कोठे गेल्या असतील?

आता कबुलीजबाब देतो. आमची एक आत्या नागावला राहत असे. जात्यावर बसली की ओव्या गाई. १९८८ साली आम्ही नवा टेपरेकॉर्डर घेतला होता आणि कोणाचा आवाज भरू आणि कोणाचा नको असे झाले होते. आत्याला बसविले. "मेल्यांनो, दळायला पीठ नको नि गायला सांगता!" म्हणाली, आणि मग तासभर गायली. कॅसेटच्या दोन्ही बाजू भरल्या. मागे रहाटाची कुरकुर, मध्येच कोंबडा, आणि एकदा 'चहा ठेवू का गं?' असा आतून आलेला आवाज. २००४ साली आम्ही ते सीडीवर उतरविले. मग दाबून-दुबून संगणकात घातले. पुढे एका फुकटच्या ऑनलाइन कोठीत चढविले, आणि नव्या नादाच्या भरात कॅसेट व टेपरेकॉर्डर दोन्ही भंगारवाल्याला देऊन टाकले. त्याने चाळीस रुपये दिले.

आत्या वारली. दिवस झाल्यावर तिच्या नातवाने आवाज मागितला. सीडी काढली, तर आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेने तिला पांढरी बुरशी धरलेली. संगणकाची चकती आधीच गेलेली. ऑनलाइन कोठी पाहावयास गेलो, तर ती बंद होऊन वर्ष लोटले होते. बंद करणाऱ्यांनी तसे कळविलेही होते, पण ते पत्र आमच्या ज्या पत्त्यावर गेले तो आम्हीच सोडून दिलेला. एका आवाजाच्या तीन प्रती होत्या, त्यांपैकी एकही उरली नाही. दोष कोणाला द्यावयाचा? आम्ही कोणतीही गोष्ट ताडून पाहिली नव्हती. नवे उघडते का हे पाहण्यापूर्वी जुने टाकून दिले होते.

शेवटी चौलच्या एक वहिनी म्हणाल्या, "अहो, त्या वर्षी तुम्हीच मला एक कॅसेट भरून दिली होतीत की!" त्यांना यंत्रांचा नाद नव्हता, म्हणून ती टाकण्याचेही त्यांना सुचले नव्हते. तांदळाच्या कोठीशेजारी, कोरड्या जागी, कापडात गुंडाळून ती ठेवलेली होती. एक बाजू चांगली वाजली. दुसऱ्या बाजूची फीत चिकटून तुटत गेली, आणि तिच्यावरच्या ओव्या गेल्या त्या गेल्याच. आत्याने त्या कोठे लिहून ठेवलेल्या नव्हत्या. तिला लिहिता येत नव्हते.

एका घराचे हे नुकसान पाहून आपण हळहळाल. पण जे एका घराचे तेच साऱ्या किनाऱ्याचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ ह्यांनी १९८० नंतरच्या काळात सहकाऱ्यांसह महाराष्ट्रात खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांनी त्या कागदावर लिहून घेतल्या, पुष्कळशा ध्वनिमुद्रित केल्या, कोणाची ओवी कोणत्या गावची हे टिपले, आणि २०१७ पासून 'परी' ह्या संकेतस्थळावर त्या वाचावयास व ऐकावयास मिळू लागल्या. कागद, फीत आणि संगणक, तिन्ही हातात हात घालून! इथे नवे यंत्र जुन्याच्या खांद्यावर उभे आहे. जुन्याला ढकलून त्याने आपली जागा केलेली नाही. आम्हांला हवा असलेला कित्ता हाच.

आपल्या किनाऱ्याला तर ह्याची आणखी एक शिकवण मिळालेली आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले. श्रीवर्धन-मुरुडकडच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, घरांची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब पडले. कित्येक दिवस, आणि काही गावांत आठवडेच्या आठवडे, दिवा नव्हता. मोबाईलचे मनोरे मुके झाले. मुंबई-पुण्याची मुले आईबापांची खुशाली कळावी म्हणून तळमळत होती. त्या दिवसांत आमच्या फोनात लाखो गाणी होती असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात एकही नव्हते. शेजारच्या काकांचा जुना ट्रान्झिस्टर मात्र दोन सेलांवर बातम्या सांगत होता. ज्या ट्रान्झिस्टरला आम्ही दिवाळीच्या साफसफाईत दोनदा हसलो होतो, त्याच्याभोवती तोंडाला रुमाल बांधून आणि हातभर अंतर ठेवून आम्हीच उभे होतो.

शेवटी सध्याच्या सर्वांत नव्या यंत्राविषयी दोन शब्द. कृत्रिम बुद्धिमत्ता आता कोणाच्याही आवाजात गाऊ शकते. २०२४ साली ए. आर. रहमान ह्यांनी दिवंगत गायकांचे आवाज असे वापरले, परंतु त्यांच्या कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. त्याच वर्षी अरिजित सिंग ह्यांच्या आवाजाची यांत्रिक नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने अटकाव केला. म्हणजे यंत्र तेच, पण विचारून केले तर आदर, न विचारता केले तर चोरी. एका उत्साही तरुणाने आम्हांला सुचविले, "तुमच्या आत्यांची एक बाजू आहे ना? त्यावरून दुसरी बाजू करून देतो." आम्ही यंत्रवेडे, मोह झाला नाही असे नाही. पण थोडा विचार केल्यावर नको म्हणालो. यंत्र आत्याच्या आवाजात ओव्या म्हणेल, पण त्या ओव्या आत्याच्या नसतील. ट्राम शेजारून जात असताना सूची हललीच असती. पण ते हलणे पृथ्वीचे नसते. मोजणाऱ्याला हा भेद राखावा लागतो.

तेव्हा मूसांच्या वेधशाळेकडून आम्ही शिकलो ते आपल्यापुढे ठेवतो. ट्रामला विरोध करू नये. नवा फोन, नवे सॉफ्टवेअर, नवी ऑनलाइन गाणी जरूर घ्यावीत; आम्ही तर घेणारच. पण दोन वर्षे जुने आणि नवे बरोबर चालवावे. ज्या आवाजाचे आपल्याला मोल आहे त्याची एक प्रत आपल्या घरी, एक परगावच्या नातलगाकडे आणि एक हवी तर ऑनलाइन ठेवावी; आणि वर्षातून एकदा, कोजागरीला म्हणा, तिन्ही लावून पाहाव्या. पाऊस सरलेला असतो, बुरशी धरली असेल तर कळते. प्रत्येकीबरोबर एक कागद असावा. कोण गाते आहे, कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, आणि शब्द काय. तो कागद यंत्राविना वाचता येतो. आणि घरात एक वेळ अशी राखावी, की जेव्हा गाणे चालू आहे आणि फोनची टुणटुण दूर आहे. फार दूर नको. मुंबईपासून अलिबागेइतके अंतर पुरे. खाडीपलीकडे ट्राम धावत राहिली, आणि अलीकडे सूचीचे काम चालू राहिले.

आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर अजून कॅसेटी असतील. कोणाच्या वडिलांचे कीर्तन, कोणाच्या आजीच्या ओव्या, एखाद्या कोळीवाड्यातील लग्नात रात्रभर चाललेली गाणी, बंद पडलेल्या भजनी मंडळाचा शेवटचा सप्ताह. ह्या पावसाळ्याआधी त्या खाली काढा. आमच्या घरी आता एक जुना टेपरेकॉर्डर आहे. भंगारवाल्याकडूनच आणला, त्याने नऊशे रुपये घेतले. ज्यांना हवे असेल त्यांनी आपली कॅसेट आणावी, आम्ही उतरवून देऊ. अट एकच आहे, मूळ कॅसेट आपण परत न्यावयाची आणि टाकावयाची नाही.

 आता मोबाईल उघडावयास हरकत नाही.